दाढेचा रोजा आणि आईचा हिशेब

पहाटेचे साडेचार वाजलेत. सांगलीच्या खणभागातल्या एका दोन खोल्यांच्या घरात आईने स्वयंपाकघरातला दिवा लावला आहे, पण दार लोटून घेतले आहे. कुकर लावायचा नाही हे तिने रात्रीच ठरवले होते, कारण शिट्टी झाली की मोठा उठतो. मोठा म्हणजे वय वर्षे साडेसहा, इयत्ता पहिली. भाकरीचा वास आत जाऊ नये म्हणून खिडकीही उघडी ठेवलेली. नवरा आणि सासूबाई सहरीला बसतात, घड्याळाकडे बघत बघत खजूर वाटून होतात आणि नेमक्या शेवटच्या दहा मिनिटांत डोळे चोळत एक मूर्ती दारात उभी राहते. "अम्मी, मेरेकू कायकू नै उठाई?"

आईकडे याचे उत्तर नसते. सासूबाईंकडे मात्र असते. त्या नातवाला मांडीवर ओढून घेतात, दुधात कुस्करलेली भाकरी त्याच्यापुढे सरकवतात आणि सांगतात, "खा ले बेटा, आज तेरा दाढ का रोजा."

दाढेचा रोजा ही आपल्या आजी-नानींनी लहानग्यांसाठी काढलेली युक्ती आहे. एका बाजूच्या दाढेचा रोजा, म्हणजे त्या बाजूने चावायचे नाही. दुसऱ्या बाजूने खायला मोकळीक. तसाच 'चिडी का रोजा'. चिमणी जशी थोड्या थोड्या वेळाने दाणे टिपते तसे मुलाने दुपारपर्यंत थांबायचे, मग जेवायचे, मग पुन्हा मगरिबपर्यंत थांबायचे. एका दिवसात दोन रोजे झाले म्हणून पोरगे खूश, आणि पोटात अन्न गेले म्हणून आई खूश. शरियतच्या कोणत्याही ग्रंथात असला रोजा सापडणार नाही. पण साताऱ्यात, कराडात, मिरजेत, तासगावात पिढ्यानपिढ्या मुले असेच रोजे धरत मोठी झाली आहेत.

रोजा फर्ज होतो तो वयात आल्यावर. त्याआधी मुलाने धरला तर सवाब आहे, नाही धरला तर गुन्हा नाही, यावर सगळ्या फिकही मसलकांचे एकमत आहे. नमाजची सवय सातव्या वर्षापासून लावावी, असे हदीसमध्ये येते आणि रोज्याच्या बाबतीतही मुलाला झेपेल तसतशी सवय लावावी, असे उलेमा सांगतात. 'झेपेल तसतशी' हे शब्द महत्त्वाचे. ते कुणाला किती झेपते, हे मौलाना मशिदीत बसून सांगू शकत नाहीत. आईच सांगू शकते, कारण दुपारी तीन वाजता मुलाचे ओठ कसे दिसतात हे तिलाच दिसते.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत रुबय्यि बिन्त मुअव्विज या सहाबियांची एक आठवण नोंदवलेली आहे. आशुऱ्याच्या रोज्याची ती गोष्ट. मदिनेतल्या बायका आपल्या मुलांनाही तो रोजा धरायला लावत आणि त्यांच्यासाठी लोकरीची खेळणी करून ठेवत. एखादे मूल भुकेने रडू लागले की त्याच्या हाती ते खेळणे द्यायचे, म्हणजे इफ्तारपर्यंत वेळ निघून जाई. चौदाशे वर्षांपूर्वीच्या त्या घरांतल्या इतर कितीतरी गोष्टी आपल्याला माहीत नाहीत. पण रोज्याच्या दुपारी रडणारे मूल आणि त्याच्यासाठी लोकर गुंडाळत बसलेली आई, एवढे चित्र मात्र स्पष्ट उरले आहे.

खणभागातल्या त्या आईने मुलाला शनिवारी पूर्ण रोजा धरू द्यायचे कबूल केले. सकाळची शाळा, दुपारी झोप, असा तिचा बेत होता. पण मुले रोज्याच्या दिवशी झोपत नाहीत, हे प्रत्येक आई जाणते. अकरा वाजेपर्यंत तो सगळ्या गल्लीला सांगून आला. एक वाजता त्याने विचारले, थुंकी गिळली तर चालते का. दोन वाजता विचारले, आंघोळ करताना तोंडात पाणी गेले तर. साडेतीनला तो काहीच विचारेना, आणि तिथून आईचा जीव वरखाली होऊ लागला. तिने त्याला भिंतीजवळ चटईवर झोपवले, ओल्या फडक्याने हात-पाय पुसले आणि सांगितले, "तोड दे बेटा, अल्ला मियाँ नाराज नै होते." त्याने मान हलवली, नाही. मग सासूबाईंनी जुन्या साडीच्या चिंध्यांचा चेंडू शिवायला घेतला आणि सुईत दोरा ओवायचे काम त्याच्याकडे दिले. पाच वाजले.

सहा वाजून गेल्यावर दस्तरखान पडला. खजूर, कलिंगड, तासगावची द्राक्षे, कांदाभजी, आणि त्याने सकाळीच मागून ठेवलेले भडंग. मगरिबची अजान होताच त्याने खजूर तोंडात टाकला, पाणी प्याला आणि भडंगाचा घास घेता घेता आईच्या मांडीवर झोपून गेला. हातात भडंग तसेच. आईने तेवढ्यात त्याच्या कपाळावर हात ठेवून ताप नाही ना, हे दोनदा पाहिले. आनंद होता, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. पण "उद्या परत" असे तो झोपेत पुटपुटला तेव्हा तिने घाईघाईने सांगितले, "उद्या दाढ का."

इथे वर्तमानपत्रांबद्दलही थोडे बोलले पाहिजे. दरवर्षी रमजानमध्ये आतल्या पानांवर छोट्या मुलांचे फोटो येतात. गळ्यात हार, डोक्यावर टोपी किंवा ओढणी, आणि खाली ओळ की अमुक वर्षांच्या चिमुकल्याने पहिला रोजा पूर्ण केला. घरच्यांना अभिमान वाटतो आणि तो वाटावा. रोजा कुशाईचा कार्यक्रम हा आपल्याकडचा गोड सोहळा आहे. नवे कपडे, नातेवाइकांच्या भेटी, शेजारच्या हिंदू घरांतून येणारे फळांचे ताट. पण अलीकडे फोटोतले वय खाली खाली येत चालले आहे. सहा, पाच, कधी चार. शेजारच्या चार वर्षांच्या मुलीचा फोटो आला की सात वर्षांच्या मुलाच्या आईला घरातूनच विचारणा होते, आपला कधी धरणार? मार्च-एप्रिलच्या उन्हात तेरा-साडेतेरा तास पाण्याविना राहिलेले पाच वर्षांचे मूल, आणि त्याचे कौतुक करायला जमलेले मोठे लोक, यात काहीतरी चुकते आहे. मुलाने हट्टाने धरलेला रोजा वेगळा आणि फोटोसाठी रेटलेला वेगळा. मुलाने अर्ध्यावर सोडला तर त्याच्या मनात अपयश राहू नये, याची काळजी मोठ्यांनी घ्यायची असते. दाढेच्या रोज्याची युक्ती त्यासाठीच होती.

लोकरीच्या खेळण्याची जागा आता मोबाइलने घेतली आहे, हेही खरे. रडणाऱ्या मुलाच्या हाती फोन दिला की दोन तास घर शांत. भूक लागलेली कळत नाही, आणि पोट भरलेलेही कळत नाही. रमजानमध्ये तर हा मोह फार, कारण आई स्वतः रोज्यात, संध्याकाळी पाच ते सहा या वेळात चुलीपुढे उभी आणि पायाशी दोन मुले.

साताऱ्याच्या सदर बझारमधल्या एका आईची गोष्ट वेगळी आहे. तिचे बाळ पाच महिन्यांचे. अजून वरचे काही सुरू केलेले नाही, सगळा आधार अंगावरच्या दुधाचा. रमजानचा चाँद दिसला तेव्हा तिने मनाशी ठरवले होते की सगळे रोजे धरायचे. पहिल्या दोन बाळांतपणांत राहिलेले रोजे अजून फेडायचे आहेत, त्यात यंदाची भर नको. आठवडाभर तिने धरलेही. सातव्या दिवशी बाळ संध्याकाळी किरकिर करू लागले, थांबेना. दुपट्यांचा हिशेब केला तर दिवसभरात चारच ओली. आशाताई नेहमी सांगायच्या, पोटभर दूध मिळणारे बाळ चोवीस तासांत सहा वेळा तरी लघवी करते. ते वाक्य तिला त्या वेळी आठवले.

तिच्या घरात मग जी चर्चा झाली ती अनेक घरांत होते. जावेचे म्हणणे, आमच्या वेळी आम्ही धरायचो, काही झाले नाही. आजेसासूबाईंचे म्हणणे, दूध अल्लाह देतो. नवऱ्याचे म्हणणे, तुझे तू बघ. हे शेवटचे म्हणणे बहुतेक सर्वांत जड असते.

दीनचा हुकूम याबाबतीत सगळ्यांहून सोपा आहे. आजारी आणि प्रवासी यांना रोज्यातून सवलत आहे हे कुरआनच्या सूरह बकरात स्पष्ट आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला सवलत असल्याचे हदीसमध्ये आले आहे. स्वतःच्या किंवा बाळाच्या प्रकृतीची भीती असेल तर तिने रोजा सोडावा आणि पुढे सवडीने त्याची कजा करावी. आपल्या भागात बहुसंख्य लोक हनफी मसलकाचे आहेत आणि त्यानुसार तिच्यावर फक्त कजा आहे. बाळाला पाजल्याने रोजा तुटतो का, हा प्रश्नही मुली अजून दबक्या आवाजात विचारतात, नाही तुटत. त्याच सूरह बकरात आईने दोन वर्षे पाजण्याचा उल्लेख आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही दोन वर्षे व त्यापुढे पाजण्याची आहे, पहिले सहा महिने तर फक्त आईचे दूध. डॉक्टर आणि मौलाना इतके एका बाजूला असतानाही घरातली बाई मात्र अपराध्यासारखी दुपारी दार बंद करून जेवते.

सदर बझारमधल्या त्या आईने आठव्या दिवशी रोजा सोडला. सासूबाईंनीच तिच्यापुढे ताट ठेवले. त्यांनी वाद घातला नाही की समजावले नाही, फक्त वरणभातावर तूप जरा जास्त घातले.

आपल्या फिकहच्या जुन्या ग्रंथकारांना संसार चांगला ठाऊक होता, असे कधी कधी वाटते. रोज्यात अन्नाची चव घेणे मकरूह आहे. पण हनफी ग्रंथांत त्याला एक अपवाद दिलेला आहे. जिचा नवरा तापट असेल आणि मीठ कमीजास्त झाले तर घर डोक्यावर घेत असेल, तिने जिभेच्या टोकावर चव घेऊन थुंकून टाकली तर हरकत नाही. आणि दुसरा अपवाद लहान बाळासाठी. त्याला भरवायला दुसरा मार्ग नसेल तर रोजेदार आईने घास चावून मऊ करून दिला तरी चालते, मात्र गिळायचा नाही. ज्या विद्वानांनी हे लिहिले त्यांच्या घरात नक्कीच लहान मुले होती. तापट नवऱ्याबद्दल तर बोलायलाच नको.

रोजा धरणारी असो वा न धरणारी, लहान मुलांच्या आईचे रमजानमधले खरे दुःख दुसरेच असते. सगळे घर इबादतीत असते आणि ती मुलांत. नवरा तरावीहला जातो, सासूबाईंचे पारे होतात, नणंदेचा दुसरा कुरआन सुरू होतो आणि तिचा तिसरा पारा पहिल्या आठवड्यापासून तिथेच. मुसल्ला अंथरला की धाकटी त्यावर येऊन बसते. सजद्यात गेले की पाठीवर चढते. सलाम फेरण्याआधी दुधाचे भांडे उतू जाते. शेवटच्या दहा रात्री तर जीव तुटतो. सत्ताविसावी रात्र, मोहल्ला जागा, मशिदीत रोषणाई, आणि ही अंधाऱ्या खोलीत बाळाच्या पाठीवर थोपटत पडलेली.

पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांच्या नमाजविषयी दोन हदीस अशा आयांनी लक्षात ठेवाव्यात. आपली नात उमामा हिला खांद्यावर घेऊन त्यांनी नमाज पढवली; रुकूला जाताना तिला खाली ठेवायचे, उभे राहताना पुन्हा उचलून घ्यायचे. आणि नमाज लांब करायचे मनात असताना मागच्या रांगेतून मुलाच्या रडण्याचा आवाज आला की ते नमाज आवरती घेत, कारण त्या रडण्याने आईची काय घालमेल होते हे त्यांना माहीत होते. म्हणजे मदिनेच्या मशिदीत बायका मुले घेऊन येत होत्या, मुले रडत होती आणि कुणी वळून डोळे वटारत नव्हते. आज आपल्याकडे किती मशिदींत आईला तान्ह्या मुलासह उभे राहायला जागा आहे? काही शहरांत सोय झाली आहे, पण आपल्या गल्लीबोळांत अजून वाट पाहावी लागते.

आता हिशेब. दोन मुलांत दीड-दोन वर्षांचे अंतर असले की गरोदरपण, बाळंतपण, पाजणे, पुन्हा गरोदरपण अशी साखळी होते. तीन रमजान सहज जातात. तीन महिन्यांचे नव्वद रोजे, आणि दर वर्षीचे पाळीचे दिवस वेगळे. साताऱ्यातल्या त्या आईने कालनिर्णयच्या पानामागे पेन्सिलीने उभ्या रेघा मारून ठेवल्या आहेत. मोजल्या तर ऐंशीच्या पुढे जातात. ती मोजत नाही. हजरत आयेशा (र.) यांच्याही रमजानमधल्या राहिलेल्या रोज्यांची कजा पुढच्या शाबानपर्यंत लांबायची, हे त्यांनी स्वतः सांगितलेले बुखारीत आहे. हे ऐकल्यावर तिला जरा बरे वाटले. हिवाळ्यात दिवस लहान असतो, साताऱ्याला थंडी असते, तहान लागत नाही. डिसेंबरात सोमवार-गुरुवार धरले तर आठवड्याला दोन रेघा पुसता येतात. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने रमजानही दर वर्षी तेवढाच अलीकडे सरकतो. धाकटे बाळ चार-पाच वर्षांचे होईपर्यंत तो जानेवारीत गेलेला असेल. तोपर्यंत रेघा पुसून झालेल्या असतील, असे ती म्हणते.

मिरजेत मिरासाहेब दर्ग्याच्या आसपास रमजानच्या संध्याकाळी जी गजबज असते तिच्यात मुले हरवण्याची भीती वेगळीच. एका बोटाला एक, कडेवर दुसरे, खांद्यावर पिशवी. जवळच सतारमेकर गल्लीत मुले झोपतात ती तंबोऱ्याच्या तारा जुळवण्याच्या आवाजात. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांची ही घराणी एकोणिसाव्या शतकात वाद्ये बनवू लागली, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाचा अभिमान सगळ्यांना आहे. पण तिथल्या आईला विचाराल तर ती आधी लाकडाचा भुसा आणि पॉलिशच्या वासाबद्दल सांगेल, धाकट्याला खोकला आहे.

याच मिरजेत १९०५ साली हिराबाई बडोदेकरांचा जन्म झाला. वडील उस्ताद अब्दुल करीम खाँ, आई ताराबाई माने. हिराबाईंचे घरातले नाव चंपाकली होते. पुढे ताराबाई पतीपासून वेगळ्या झाल्या आणि पाच मुलांना घेऊन त्यांनी संसार एकटीने रेटला. सुरेशबाबू माने, हिराबाई, सरस्वतीबाई राणे, ही सगळी त्याच आईची मुले. किराणा घराण्याचा इतिहास सांगताना खाँसाहेबांची सुरावट सांगितली जाते, तानपुऱ्याची गोष्ट सांगितली जाते. पाच मुलांची जेवणे, कपडे, आजारपणे ताराबाईंनी कशी निभावली, हे कुणी फारसे लिहून ठेवले नाही. आईच्या कामाची नोंद अशीच राहून जाते.

मुले शाळेत जाऊ लागली की काळजीचा रंग बदलतो. आपल्या भागातली मुलाणी, आतार, बागवान, तांबोळी, मणेर, नदाफ, मुजावर यांची घरे पाहा. घरात दखनी, अंगणात मराठी, मक्तबमध्ये अरबी, आणि आता बालवाडीपासून इंग्रजी. चार वर्षे, चार महिने, चार दिवस पूर्ण झाले की बिस्मिल्लाह ख्वानी करायची आपल्याकडे रीत आहे, आणि तोवर अंगणवाडीत एक वर्ष होऊनही गेलेले असते. मुलगी घरी येऊन 'सांग सांग'ची गाणी म्हणते, मग अलिफ-बे म्हणते, आणि दोन्हींची चाल एकच लावते. आई हसू दाबत पदर तोंडाला लावते. डब्याचा प्रश्न रमजानमध्येही सुटत नाही. स्वतः रोज्यात असून सकाळी सातला डब्यात काय द्यायचे? एका आईने रोजेदार हातांनी तिखटमिठाचा अंदाज चुकून पोराला खारट पोहे दिले आणि दुपारी शाळेतून निरोप आला की डबा तसाच परत येतोय, पण मित्रांनी आपापल्यातले दिले आहे.

मित्रांनी दिले, हे ऐकून तिला फार बरे वाटले. कारण अलीकडे एक वेगळी भीती आयांच्या मनात शिरली आहे, जी त्या मोठ्याने बोलत नाहीत. मूल शाळेतून घरी येऊन विचारते, "अम्मी, अपन कहाँ के?" कुणीतरी काहीतरी बोललेले असते. सप्टेंबर २०२३ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या आक्षेपार्ह मजकुरावरून हिंसाचार झाला आणि मशिदीवरच्या हल्ल्यात एकाचा जीव गेला. त्यानंतर कित्येक घरांत थोरल्या मुलांच्या हातातल्या मोबाइलकडे आई वेगळ्या नजरेने पाहू लागली. कुणी काय पाठवले, याने काय पुढे ढकलले, हे तिला कळत नाही, आणि विचारले तर तो चिडतो. लहान असताना मोबाइल दिला तो आपणच, ही टोचणी वेगळी.

पण मुलांना दाखवायला दुसरेही काही आहे, आणि ते दूर नाही. सांगली जिल्ह्यातच वाळवा तालुक्यात गोटखिंडी आहे. तिथे १९८० पासून गणपती मशिदीत बसतो. गावातली मुस्लिम मुले प्रसाद वाटतात, आरतीला उभी राहतात, आणि बकरी ईद गणेशोत्सवात आली तर तेवढ्या दिवसांत कुर्बानी करत नाहीत. त्या गावात वाढणाऱ्या मुलाला 'अपन कहाँ के' हा प्रश्न पडतो की नाही कोण जाणे. पडलाच तर त्याच्या आईला उत्तर द्यायला बोट दाखवणे पुरते.

तरावीहमध्ये विसाव्या पाऱ्याच्या सुमारास सूरह कसस येते. त्यात हजरत मूसा (अ.) यांच्या आईची हकीकत आहे. फिरऔनचे सैनिक घरोघर मुलगे शोधत असताना तिला आज्ञा झाली, बाळाला दूध पाज, आणि भीती वाटली की नदीत सोड. तिने सोडले. सकाळी तिचे काळीज रिकामे झाले होते, असे तिथे वर्णन आहे. तिने मुलीला सांगितले, त्याच्या मागोमाग जा. बाळाने कुठल्याच दाईचे दूध तोंडात घेतले नाही आणि शेवटी ते आईकडेच परत आले, तिचे डोळे निवावेत म्हणून.

सांगलीत ही हकीकत ऐकताना कृष्णेची आठवण न होणे अवघड आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना बाहेर काढणारी बोट उलटली, आणि तिच्यात बायका होत्या, मुले होती. त्या दिवसांत तान्ही बाळे हातांवर उचलून छातीएवढ्या पाण्यातून चाललेल्या आया सांगलीने पाहिल्या आहेत. श्यामरावनगरातल्या एका बाईने बाळाचे दुपटे, लसीकरणाचे कार्ड आणि पाण्याची बाटली एवढेच बरोबर घेतले होते. दागिन्यांचा डबा माळ्यावर राहिला. ते कार्ड अजून तिच्याकडे आहे, कडा पिवळ्या झालेल्या. बाळ आता शाळेत जाते आणि पाऊस लागला की खिडकीतून किती फूट झाले ते विचारते. सांगलीच्या मुलांना अंक शिकवायला आयर्विन पूल आहे.

रमजानचे शेवटचे दिवस मग खर्चाच्या हिशेबात जातात. तीन मुलांचे कपडे, चपला, मुलीच्या बांगड्या, शीरखुर्म्याचा सुकामेवा. बेदाणा आपल्या घरचा, पण काजू-बदाम-चारोळीला हात लावला की भाव ऐकून परत ठेवावे लागतात. फितरा घरातल्या प्रत्येक माणसामागे काढायचा असतो, लहान मुलांचासुद्धा. साधारण पावणेदोन-दोन किलो गव्हाची किंमत माणशी. ईदच्या पहाटेआधी जन्मलेल्या बाळाचाही फितरा असतो. साताऱ्यातल्या त्या घरात यंदा एक नाव वाढले. वडिलांनी कागदावर नावे लिहिली, आईने खाली बाळाचे नाव जोडायला लावले, आणि मोठ्या मुलीने विचारले, "इसका बी? इसने तो एक बी रोजा नै रखा."

"इसका पहला," आई म्हणाली.

चाँदरातीला सांगलीतल्या साडेसहा वर्षांच्या रोजेदाराचा हिशेब असा निघाला: पूर्ण रोजे दोन, चिडीचे सात, बाकी दाढेचे. आईने त्याला नवा कुर्ता घालून बघायला लावला, बाही लांब आहे का ते पाहिले आणि आत दुमडून टाका घातला. पुढच्या वर्षी सोडायचा. धाकटी मेंदी लावलेले हात वर धरून झोपली होती. शीरखुर्म्याचे दूध आटत होते. साताऱ्यात बाळ दूध पिऊन झोपले होते, आणि आईने कालनिर्णयचे पान उलटून यंदाच्या बावीस रेघा मारल्या.